जमनाबायला आत कोणी पाठवलं

त्या पुस्तकांवर माझा अजून राग आहे. कागदावर कसला राग धरायचा, असं लोक म्हणतात. पण मी दहावीत असताना आमच्या डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जे घडलं, ते त्या पुस्तकांशिवाय घडलं नसतं. माझ्याशिवायही घडलं नसतं, हे मला माहीत आहे. स्वतःवरचा राग इतकी वर्षं एकटीने वाहिला, म्हणून त्यातला थोडा त्यांच्यावर टाकते. मी अजून तिशीलाही पोचलेली नाही. आठवणी लिहायचं हे वय नव्हे. पण ज्या गोष्टी घरची माणसं सोयीने विसरत चालली आहेत, त्या लवकर लिहून ठेवलेल्या बऱ्या. हा विषय निघाला की आमची आई आजही उठून गॅसजवळ जाते आणि उगाचच काहीतरी ढवळत राहते.

बाबा डहाणू रोड स्टेशनवर तिकीटखिडकीवर होते. एका रविवारी ते पापलेट आणायला बाजारात गेले आणि सुतळीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा घेऊन परत आले. बोर्डीकडचा कुठलासा जुना बंगला विकला गेला होता, त्यातलं सामान भंगारवाल्याकडे आलं होतं आणि त्यात ही चाळीसेक इंग्रजी पुस्तकं होती. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, वास चिकूच्या जुन्या खोक्यासारखा. मुखपृष्ठांवर कुठे रक्ताळलेला सुरा, कुठे उपडा पडलेला चहाचा कप. “इंग्रजी सुधारेल हिचं,” बाबा म्हणाले. आई म्हणाली, “आणि पापलेट?” त्या दिवशी आम्ही वरण-भात आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. जेवताना मी मांडीवर त्यातलं सगळ्यात बारीक पुस्तक उघडून ठेवलं होतं.

पहिलं पुस्तक वाचायला मला दीड महिना लागला. शाळेची जाड डिक्शनरी शेजारी घेऊन बसायचे. एका ओळीत चार शब्द अडायचे. खेडेगावच्या इंग्रज पाद्र्यासाठी असलेला ‘व्हिकर’ हा शब्द मी कितीतरी पानं आपल्या ‘विकारा’सारखा वाचत होते आणि प्रत्येक गावात हा एक आजार कसा काय, असं मला वाटत होतं. ते लोक चहाबरोबर जे खायचे, त्याच्या जागी मी नानकटाई ठेवली. त्यांच्या ओसाड माळाचं चित्र डोळ्यापुढे येईना, म्हणून खाडीकडचं खाजण तिथे नेऊन बसवलं. बाहेर मालगाडी धडधडत जायची, फलाटावर तीन भाषांत गाडीची घोषणा व्हायची, आणि मी मात्र बर्फाने वाटा बंद झालेल्या एका मोठ्या घरात असायचे. त्या सगळ्या पुस्तकांचा सांगाडा एकच होता. घरात आठ-दहा पाहुणे, रात्रीचं जेवण, सकाळी एक जण मेलेला. बाहेरून कोणी येणं शक्य नाही, म्हणजे गुन्हेगार घरातलाच. मग एक हुशार माणूस येतो, सगळ्यांना प्रश्न विचारतो, कोण किती वाजता कुठे होतं ते जुळवतो, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून एकाकडे बोट दाखवतो. बोट दाखवलं की पुस्तक संपतं. ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याचं पुढे काय होतं, हे त्या चाळीसपैकी एकाही पुस्तकाने मला सांगितलं नाही.

आमच्याकडे तेव्हा जमनाबाय कामाला होती. आई तलासरी तालुक्यात, अच्छाडच्या अलीकडे, प्राथमिक शाळेत शिकवायची. नाक्यावर ट्रकांची रांग लागली की तिची एसटी तासभर उशिरा यायची, आणि मग शाळेतून आल्यावर मला घरात दिसायची ती जमनाबायच. ती मूळची वेवजीची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. भाऊ इथल्या फुग्यांच्या कारखान्यात होता, त्याच्याबरोबर रुळांपलीकडच्या झोपड्यांत राहायची आणि आमच्या क्वार्टरच्या रांगेत चार घरची कामं करायची. पस्तिशीची असेल. फरशी पुसता पुसता ती माझ्यापाशी यायची, टाचांवर बसायची आणि फडकं पिळत विचारायची, “आज कोण मेलं?”

मी सांगायचे. जसं वाचून होईल तसं, रोज थोडं थोडं. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकताना तिच्या कानातून काही सुटायचं नाही. एका गोष्टीत जेवणाच्या टेबलावर अकरा जण होते आणि एकाच्या ग्लासात विष निघालं. ते ऐकून जमनाबाय म्हणाली, “अकरा माणसं जेवली, मग भांडी किती पडली असतील! घासणारीला विचारलं का कुणी? कुणी काय उष्टं ठेवलं, कुणाचा ग्लास कुठं होता, तिला सगळं ठाऊक असणार.” मी पानं मागे चाळून पाहिली. मोलकरीण होती त्या पुस्तकात. तिला एकच वाक्य होतं आणि तेही ती रडत रडत म्हणत होती. “नाय ना विचारलं?” जमनाबाय म्हणाली आणि बादली उचलून मोरीकडे गेली. पंधरा वर्षांच्या मला ते गमतीचं वाटलं होतं. इतके हुशार लोक ते, आणि भांडी घासणारीला काही विचारत नाहीत, ही चीड यायला मला पुढे सहा महिने लागले.

आणखी एक गोष्ट मी त्या पुस्तकांतून शिकले होते. नोकरमाणूस गुन्हेगार नसतो. सात-आठ पुस्तकं झाल्यावर मी हे ताडलं होतं. त्यांच्यावर संशय येईल असं लेखक करायचा, पण शेवटी खुनी निघायचा तो टेबलावर जेवलेल्यांपैकीच. पोलीस स्वयंपाकिणीला पकडू लागले की मी वाचताना हसायचे. इतकं सोपं कसं असेल! आणि आमच्याच घरात वेळ आली तेव्हा सगळ्यात सोपं तेच मी केलं.

भाऊबीजेला बोईसरहून आत्या आली होती, बरोबर आतोबा आणि त्यांचा मुलगा केदार. आत्याच्या कानात तिच्या सासूने दिलेल्या मोत्यांच्या कुड्या होत्या. सकाळपासून घरात करंज्यांचा, उदबत्तीचा आणि केदारने उडवलेल्या फटाक्यांचा एकत्र वास होता. जेवणं झाली. आत्या आतल्या खोलीत आडवी झाली. आई स्वयंपाकघरात होती, बाबा आणि आतोबा पान खायला स्टेशनकडे गेले, केदार ओट्यावर माझ्यासमोर मोबाइल घेऊन बसला. मी दारातल्या खुर्चीत पुस्तक घेऊन होते. आत्या उठून बाहेर आली, मोरीत तोंड धुतलं आणि आईशी बोलत बसली. पुस्तकात एक शब्द अडला. डिक्शनरी आतल्या खोलीत फडताळावर होती. उठायचा कंटाळा आला, आणि जमनाबाय समोरून झाडू घेऊन चालली होती. मी म्हटलं, “जमनाबाय, आतून माझी डिक्शनरी आण ना. ती जाडी.” ती आत गेली आणि थोड्या वेळाने घेऊन आली.

ओवाळायच्या वेळी आत्या कुड्या घालायला आत गेली आणि ओरडतच बाहेर आली. फडताळावर एकच कुडी होती. “दोन्ही काढून ठेवल्या होत्या मी झोपताना. दोन्ही!” ती म्हणत राहिली. गादी झटकली, चटई उचलली, फडताळ मोकळं केलं. कुडी नाही. आत्या रडायला लागली. वातावरण हलकं करावं म्हणून आतोबा मला म्हणाले, “काय डिटेक्टिव्हबाई, एवढी पुस्तकं वाचता ना? लावा की शोध.”

मी वही काढली. खरंच काढली. एक एक करून सगळ्यांना विचारलं, वेळा लिहिल्या, रेघा मारून तक्ता केला. मोठी माणसं हसत हसत उत्तरं देत होती. मग पुस्तकातल्यासारखं सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. “जमनाबाय, तू पण ये,” मी हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली आणि दाराशी उभी राहिली. ती हसत होती. आमचा रोजचाच खेळ चाललाय असं तिला वाटलं असणार.

मी उभी राहून बोलले. आवाजसुद्धा बदलला होता मी. पुढचं दार माझ्या नजरेसमोर होतं, मागच्या दाराला कडी होती, म्हणजे बाहेरचं कोणी आलेलं नाही. बाबा आणि आतोबा घरात नव्हते. केदार माझ्यासमोर होता. आई आणि आत्या एकत्र होत्या. आत्या उठल्यापासून ओवाळायच्या वेळेपर्यंत त्या खोलीत एकच व्यक्ती गेली, आणि ती एकटी गेली. “जमनाबाय,” मी म्हटलं.

हसणं थांबलं. ती शांतता मला आवडली, हे मी लपवणार नाही. इतक्या मोठ्या माणसांना मी एका शब्दाने गप्प केलं होतं.

जमनाबायने बाकी कोणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. “अगं, तूच ना पाठवलंस मला? डिक्शनरी आणायला?”

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या तक्त्यात त्या ओळीला लिहिलं होतं, ‘जमनाबाय आत, एकटी.’ का गेली ते लिहिलं नव्हतं. ते लिहिलं असतं तर तक्ता बिघडला असता. नुसतं ‘हो, मीच पाठवलं’ म्हणायचं होतं. त्याऐवजी मी काय म्हटलं? मी म्हटलं, “डिक्शनरी आणायला एवढा वेळ लागतो?”

“मला वाचता कुठं येतं, बाय? जाडी पुस्तकं दोन होती, कुठली ते बघत होते...”

तिचं वाक्य कोणी पुरं ऐकलं नाही. आत्या बोलायला लागली होती, आतोबा उभे राहिले होते, आणि आई, माझी शिक्षिका आई, म्हणाली, “जमना, पदर झटक.” तिने पदर झटकला. काही पडलं नाही. कमरेची पिशवी उलटी केली. त्यात तंबाखूची पुडी आणि किल्ली. “घरी पोचवली असेल,” आतोबा म्हणाले. मधे ती एकदा भाकरी खायला घरी जाऊन आली होती, हेही माझ्याच तक्त्यात होतं. त्यांनी एका ओळखीच्या हवालदाराला फोन लावला. “तक्रार वगैरे नको, नुसतं बघून या.” बाबा म्हणाले, “असू द्या हो, सणाचा दिवस आहे.” एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले. जमनाबाय गेली. जाताना आईने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

आज मी कोर्टात लघुलेखक आहे. साक्षीदार बोलतात, मी उतरवून घेते. ‘ती एकटीच आत गेली’ असलं वाक्य आलं की माझी बोटं क्षणभर अडखळतात. का गेली, कोणी पाठवलं, हे विचारायचं काम माझं नाही. पण ते विचारायचं काम ज्यांचं आहे, तेही कितीदा विचारत नाहीत, हे रोज पाहते आणि संध्याकाळी तोंडात कडू चव घेऊन घरी जाते.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो ते सांगते. त्या भाऊबीजेआधी माझं म्हणणं आमच्या घरात कधी कोणी खरं मानलं नव्हतं. दूधवाला पाणी घालतो म्हटलं की आई म्हणायची, पुस्तकं वाचून डोकं फिरलंय हिचं. केदारने माझं पेन घेतलं म्हटलं की आत्या म्हणायची, पुरावा दाखव. आणि त्या दिवशी पंधरा वर्षांच्या पोरीच्या रेघा मारलेल्या वहीवर पाच माणसांनी एका क्षणात विश्वास ठेवला. मी हुशार होते म्हणून नव्हे. जिकडे त्यांचे डोळे आधीच वळले होते, तिकडेच मी बोट दाखवलं म्हणून. आत्याच्या कुड्या खरंच दोन्ही फडताळावर होत्या का, हे मीही विचारलं नाही. ती आत्या होती, तिचं खरंच असणार. जमनाबाय जमनाबाय होती.

दोन दिवसांत बाकीच्या तीन घरांनीही तिला काढलं. आतोबांनी जाताना माझी पाठ थोपटली. “वकील होणार पोरगी!” आठवड्याने नवी बाई आली, पार्वती. ती कामापुरतं बोलायची. मी डिक्शनरी आतल्या खोलीतून बाहेर आणून ठेवली, आणि मग कितीतरी दिवस एकही पुस्तक उघडलं नाही. दहावीचा अभ्यास आहे असं सगळ्यांना सांगितलं.

परीक्षा झाली. मे महिन्यात पालघरला नात्यातलं लग्न होतं. हॉलमध्ये उकाडा, पंखे गरगरत होते, जिलेबीवर माश्या. आत्या पंगतीत माझ्या शेजारी बसली. तिने मान वळवली तेव्हा मला तिच्या कानात कुडी दिसली. मग दुसऱ्या कानातही दिसली.

“आत्या, नवी केलीस?”

“छे गं, तीच. तुझ्या आईला सापडली की. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी उशीचे अभ्रे धुवायला काढले, तर उशी उसवलेली होती, त्यात आत कापसात. झोपेत कानातून निसटली असणार, आणि मला आपलं वाटत राहिलं दोन्ही काढून ठेवल्या. केदारच्या हाती लगेच पाठवून दिली वहिनींनी. तुला नाही सांगितलं?” आणि वाढप्याला म्हणाली, “मठ्ठा इकडे, मठ्ठा.”

मी हातातली जिलेबी पानात ठेवली. दिवाळीनंतर. म्हणजे सहा महिने. सहा महिने ही बाई कानात कुड्या घालून हिंडत होती, आई रोज शाळेत जाऊन मुलांकडून ‘खरे बोलावे’ असं सुवाच्य अक्षरात लिहून घेत होती, आणि जमनाबाय चोर होती.

घरी आलो. दार लागल्यावर विचारलं. आईने आधी कपाट उघडलं, साडी काढून घडी घालायला घेतली. “मग काय करायला हवं होतं मी? दवंडी पिटायची?”

“तिला सांगायचं.”

“ती गावी निघून गेली होती. आणि दुसरी बाई लावली होती ना आपण. उगाच उकरून काय मिळणार होतं?”

“तिचं नाव मिळालं असतं तिला परत!”

आईने घडी अर्धवट सोडली. “आवाज खाली. नाव घेतलं कोणी होतं तिचं? मी घेतलं होतं? तूच उभी राहून भाषण केलंस ना?”

ते खरं होतं, म्हणून तर मला अधिकच राग आला. बाबा दारात उभे होते. त्यांनाही माहीत होतं का, असं मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली. माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता उंबरगावची गाडी पकडली. स्टेशनच्या पाट्या गुजराती झाल्या. बाहेर रिक्षावाला म्हणाला, “वेवजी? बेसी जाव.” तीन बायका आणि एक कोंबड्यांची टोपली यांच्यामध्ये बसून गेले. पाड्यावर विचारत विचारत तिचं घर सापडलं. कुडाच्या भिंती नव्याने सारवलेल्या होत्या. जमनाबाय आणि तिची म्हातारी आई मागच्या पडवीत पावसाळ्यासाठी लाकडं रचत होत्या. मला पाहून ती जागची हलली नाही. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. उशी, कापूस, आत्याच्या कानातली कुडी, दिवाळीनंतर पंधराच दिवस.

“उशीत,” ती म्हणाली. हातातलं लाकूड तिने रचलं, दुसरं उचललं. “आणि तू हे मला सांगायला आलीस?”

“हो.”

“मला कशाला? मी नाय घेतली हे मला ठाऊकच होतं.”

मी तांब्या उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला. तिनेच विचारलं, “त्या दिवशी गप का बसलीस? तूच पाठवलं होतंस.”

“गप्प नाही बसले. त्याहून वाईट बोलले,” मी म्हटलं. “सगळे ऐकत होते, म्हणून मला... मला बरं वाटत होतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सबब सांगेन असं तिला वाटलं असावं. मग ती बोलली, आणि लाकडं रचायचं थांबली नाही. हवालदाराने तिची पत्र्याची पेटी झोपडीबाहेर आणून रस्त्यावर उघडली होती. आत तिच्या लग्नातलं लुगडं होतं, तेही झटकून पाहिलं. अख्खी लाइन बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी भावजय म्हणाली, तुझ्यापायी आमच्या दारात पोलीस आले, तू गावाला जा. आता ती उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगला जात होती, बारा तास उभ्याने. “भाऊ होळीला पण नाय आला इथं,” ती म्हणाली. म्हातारीने मला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. जमनाबायने तिला उत्तर दिलं, त्यातला मला फक्त ‘डहाणू’ कळला. म्हातारी माझ्याकडे पाठ करून बसली.

“त्यांना सांग,” जमनाबाय म्हणाली. “चारी घरं. आणि जिथं पेटी उघडली तिथं. भाऊ ऐकेल असं सांग. आणि हे पण सांग, मला आत कोणी पाठवलं.”

मी त्याच संध्याकाळी सुरुवात केली, कारण रात्रभर थांबले असते तर धीर गेला असता. आमच्या रांगेत पहिलं घर गार्डकाकांचं. काकू दारातच म्हणाल्या, “अगो, सापडली का? बरं झालं हो. जाऊ दे आता, कशाला तो विषय.” मी म्हटलं, “काकू, तुम्ही तिला काढलंत ते माझ्यामुळे. मीच तिला आत पाठवलं होतं आणि मीच चोर म्हटलं.” त्यांनी माझ्याकडे मी आजारी आहे असं पाहिलं. दुसऱ्या घरी कोणी लक्ष दिलं नाही, टीव्ही चालू होता, मी दोनदा सांगितलं. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, “ही नसेल घेतली. पण तशी ती चोरट्या हाताचीच होती. माझ्याकडची साखर लवकर संपायची.” माझ्या अंगाची आग झाली. जी गोष्ट घडलीच नाही ती घडली नाही हे सिद्ध झालं, तरी डाग जायला तयार नाही! मी विचारलं, “आता लवकर संपत नाही का?” ती म्हणाली, “संपते.” “मग?” मी म्हटलं. तिने दार लावून घेतलं.

रूळ ओलांडून झोपड्यांकडे निघाले तेव्हा मागून पावलांचा आवाज आला. बाबा होते. ड्यूटीवरून थेट आले होते, पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. बरोबर चालू लागले. कारखाना सुटायची वेळ होती. नळावर बायका होत्या, हंडे लावलेले. जमनाबायच्या भावाची झोपडी मला माहीत नव्हती. बाबांना माहीत होती. ते आधी एकदा तिथवर येऊन परत फिरले होते का, हे मी विचारलं नाही. मी रस्त्यात उभी राहून बोलायला लागले आणि माझा आवाज नळापर्यंत पोचेना. नळावरच्या एका बाईने विचारलं, “काय म्हणते पोरगी?” तेव्हा बाबा बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा मोठा आवाज ऐकला. “जमनाने काही घेतलं नव्हतं. वस्तू आमच्याच घरात होती. आम्हाला समजलं होतं आणि आम्ही सांगितलं नाही. आमची चूक आहे.” मग मी सांगितलं, तिला आत मी पाठवलं होतं. भाऊ झोपडीच्या दारात उभा होता, हाताला फुग्यांच्या रंगाचे निळे डाग. त्याने ऐकून घेतलं. “पेटी उघडली तेव्हा तुम्ही कुठं होता, साहेब?” एवढंच तो म्हणाला. खिडकीशी उभा होतो, असं बाबा काय सांगणार!

आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आत्याने फोनवर बाबांना विचारलं, अब्रूचे धिंडवडे काढायची एवढी काय हौस. अब्रू हा शब्द तिने आमच्यासाठी वापरला.

जमनाबाय जूनच्या सुरुवातीला आली. भावाने बोलावलं होतं म्हणे, दोन दिवस त्याच्याकडे राहिली. परत जाताना आमच्या दारात उभी राहिली. आई घरात होती. “ये, आत ये, चहा टाकते,” आई घाईघाईने म्हणाली. “आणि बघ, यायचं असेल तर पार्वतीला सांगते मी दुसरीकडे बघायला.”

“काम नको,” जमनाबाय म्हणाली. “माझा ग्लास राहिलाय. तो द्या.”

तिचा चहाचा ग्लास आमच्याकडे वेगळा असायचा, खिडकीच्या कोनाड्यात, आमच्या कपांपासून लांब. फुटक्या कपात चहा मिळतो म्हणून तिने स्वतः बाजारातून आणलेला, स्टीलचा, खाली नाव कोरून घेतलेलं. ती गेल्यावर पार्वती त्यातूनच प्यायची. ते मला रोज दिसत होतं, आणि कधी खटकलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात गेली. ग्लासात सकाळचा चहा वाळलेला होता. पार्वती ओट्यापाशीच होती, पण आईने ग्लास तिच्याकडे दिला नाही. तिने स्वतः राख घेतली, ग्लास आतून-बाहेरून घासला, दोनदा विसळला, पदराने पुसला आणि दारात आणून जमनाबायच्या हातात ठेवला. तिचे ओठ हलले. मी वाट पाहत होते. जमनाबायही पाहत होती. माफीचा शब्द काही आईच्या तोंडून निघाला नाही. आजवर निघालेला नाही.

जमनाबायने ग्लास पिशवीत टाकला. मला म्हणाली, “येते,” आणि उंबरगावच्या गाडीसाठी स्टेशनकडे चालू लागली.